विद्यापीठ विचार करायला नक्की कुठे शिकवतं?

पुण्यातल्या एका संलग्न महाविद्यालयात अर्थशास्त्र घेऊन एस.वाय.बी.ए.ला असलेल्या विद्यार्थ्याने विचारलंय: "नोट्स, गाइड आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर एवढ्यावर फर्स्ट क्लास मिळतो. मग विद्यापीठ विचार करायला शिकवतं म्हणतात, ते नक्की कुठे? पूर्वी तरी शिकवत होतं का? आणि आता एआय दोन मिनिटांत उत्तर लिहून देतं, तर पुढे विद्यापीठ कशाला हवं?"

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण तिन्हींच्या मुळाशी एकच आहे: माणसाची विचार करायची रीत कशाने बदलते? अभ्यासक्रमाने बदलते असं आपण धरून चालतो, आणि तिथेच गफलत होते. शिकवणं, पेपर काढणं, पेपर तपासणं आणि अभ्यास मंडळात बसून अभ्यासक्रम ठरवणं ही चारही कामं करत आल्यावर माझं ठाम मत झालंय की अभ्यासक्रमात कोणते टॉपिक आहेत याचा परिणाम थोडाच होतो. दर आठवड्याला तुमच्याकडून काय करून घेतात आणि शेवटी ते कसं तपासतात, याचा परिणाम फार खोलवर होतो. तालमीत डाव समजावून सांगितल्याने अंग तयार होत नाही, जोर-बैठका माराव्या लागतात. प्रश्नपत्रिका, प्रात्यक्षिकं, चर्चासत्रं, तोंडी परीक्षा या विद्यापीठाच्या जोर-बैठका. त्या बघितल्या की तिथे कसली डोकी घडतायत ते कळतं.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही आधीच सांगतो. महाविद्यालय स्वायत्त असेल तर पेपर तिथलेच शिक्षक काढतात, संलग्न असेल तर विद्यापीठाचा पेपर येतो. वर्गात ३० जण आहेत की १२०, शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर तीन ठिकाणी धावपळ करणारे आहेत, यानेही फार फरक पडतो. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिक असल्यामुळे आठवड्यातून काही तास तरी हाताने काहीतरी मोजावंच लागतं. कला आणि वाणिज्यला तेवढीही सक्ती नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते कला आणि सामाजिक शास्त्रांना जास्त लागू आहे.

आता 'पूर्वी'कडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली कलकत्ता आणि मद्रासबरोबर निघालं, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं काम महाविद्यालयांचं, विद्यापीठ फक्त परीक्षा घेणार आणि पदवी देणार. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू होईपर्यंत डेक्कन कॉलेज, फर्ग्युसन या सगळ्यांची मुलं मुंबईचीच परीक्षा देत. या रचनेचा अर्थ नीट बघा. पेपर काढणाऱ्याला विद्यार्थी माहीत नाही आणि शिकवणाऱ्याला पेपर माहीत नाही. कराचीपासून धारवाडपर्यंतच्या मुलांना एकच पेपर द्यायचा, तर प्रश्न असा हवा की छापील पुस्तक वाचलेल्या कुणालाही उत्तर लिहिता यावं. म्हणजे पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारणं हा अन्यायच ठरतो. तुमच्या हातातल्या गाइडचा जन्म इथला आहे. शिक्षकांच्या आळसापेक्षा या रचनेचा त्यात मोठा वाटा आहे.

या रचनेने एक चांगली गोष्टही दिली आणि ती नाकारू नये. खेड्यातल्या, ओळखीपाळखी नसलेल्या मुलाचा पेपर फक्त नंबराने तपासला जाऊ लागला. पण फक्त तेवढ्यावर विचार घडत नव्हता हे त्या काळातल्या मोठ्या माणसांकडे बघूनही दिसतं. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. परीक्षा त्यांनीही हीच दिली. पण रानडे पुण्यात न्यायाधीश म्हणून आल्यावर त्यांचं खरं काम चाललं ते लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या सार्वजनिक सभेत आणि १८७५ साली सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेत. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सभेने आपली माणसं गावोगाव पाठवून माहिती गोळा केली आणि सरकारपुढे मांडली. भाषण द्यायचं तर समोरचे श्रोते प्रश्न विचारणार, निवेदन लिहायचं तर त्यातला आकडा खोटा ठरता कामा नये. ही सवय परीक्षेने लावली नव्हती, ती विद्यापीठाच्या भिंतीबाहेरच्या संस्थांनी लावली.

जगात दुसरा नमुना होता तो १८१० साली सुरू झालेल्या बर्लिन विद्यापीठाचा. तिथे चर्चासत्रात शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही अजून न सुटलेल्या प्रश्नावर बसत. शिक्षकाकडे उत्तर तयार नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. हा नमुना पुण्यात कसा आला हे समजून घेण्यासारखं आहे, कारण विचाराची रीत एका शहरातून दुसऱ्या शहरात कशी जाते त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ साली स्थापन झाली, १९१९ साली तिने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे निरनिराळ्या पोथ्या ताडून मूळच्या जवळचा मजकूर ठरवणाऱ्या आवृत्तीचं काम हाती घेतलं, आणि १९२५ पासून सुखठणकर तिचे प्रमुख संपादक होते. आवृत्ती पूर्ण झाली १९६६ साली: १९ खंड, १,२५९ पोथ्या.

या कामाचा एकच कागद जवळून बघू, कारण माझं म्हणणं त्या कागदात आहे. चौकोन आखलेला मोठा तक्ता. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला, म्हणजे रूढ मजकुरातला श्लोक, एका चौकोनात एक अक्षर. खाली एकेका पोथीची ओळ. पोथीतलं अक्षर वरच्यासारखंच असेल तर चौकोन रिकामा, वेगळं असेल तर तेवढंच अक्षर त्या चौकोनात. आदिपर्वासाठी किमान दहा पोथ्या अशा ताडून बघितल्या, काही भागांसाठी त्याहून कितीतरी जास्त. हे झाल्यावर निर्णय. इथे नवशिक्याला वाटतं की सर्वांत जुनी पोथी खरी धरायची, किंवा जास्त पोथ्यांमध्ये आहे ते खरं धरायचं. दोन्ही चूक. एका चुकीच्या पोथीवरून पन्नास नकला झाल्या असतील तर ती पन्नास मतं मुळात एकच असतात. म्हणून एकमेकींशी संबंध न आलेल्या परंपरांमध्ये, म्हणजे काश्मीरच्या शारदा लिपीतल्या आणि दक्षिणेतल्या पोथ्यांमध्ये, जे एकसारखं आढळतं त्याला वजन जास्त. आणि दोन पाठांपैकी एक सोपा, एक अवघड असेल तर अवघड पाठ मूळ असण्याचा संभव अधिक, कारण नकलकार अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द मुद्दाम अवघड करत नाही.

मग सगळ्यांत महत्त्वाची खूण: नागमोडी रेघ. संपादकाने पाठ निवडला, पण खात्री पुरेशी नाही, तर त्या शब्दाखाली नागमोडी रेघ छापायची. म्हणजे निर्णय टाळायचा नाही आणि खात्रीचा आवही आणायचा नाही. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही कथा पुण्यात लहान मुलालाही माहीत आहे. चिकित्सक आवृत्तीत ती मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. पोथ्यांचा पुरावा तसा होता म्हणून ती संहितेतून काढली, आणि परंपरेत आहे म्हणून परिशिष्टात पूर्ण छापली. असे हजारो चौकोन भरलेल्या माणसाच्या डोक्यात पुराव्याची जी जाण बसते ती 'संशोधन पद्धती' या पेपराच्या टिपा पाठ करून बसत नाही.

हे सगळं युरोपातूनच आलं असंही समजू नका. पुण्यात इंग्रजी राजवटीतली पहिली मोठी संस्था म्हणजे १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा, जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज झालं. पाठशाळांमध्ये पाठांतर फार होतं हे खरं, पण शास्त्राचा अभ्यास पाठांतरावर थांबत नसे. मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात, प्रत्येक मुद्दा 'अधिकरण' म्हणून मांडतात आणि त्याची पाच अंगं ठरलेली: विषय, संशय, पूर्वपक्ष (विरुद्ध बाजूचं म्हणणं), उत्तरपक्ष (त्याला दिलेलं उत्तर), निर्णय. तेराव्या शतकातल्या पॅरिस विद्यापीठातला वादही जवळपास याच साच्याचा: प्रश्न, विरुद्ध बाजूचे आक्षेप, उलट प्रमाण, उत्तर, मग प्रत्येक आक्षेपाचं खंडन. दोन दूरच्या परंपरा एकाच साच्यावर आल्या याचं कारण मला असं वाटतं की, समोर प्रतिपक्षी बसलेला असताना याहून कमी टप्प्यांत वाद नीट होतच नाही.

या दोन रीती समोरासमोर आणायचा एक प्रयोग पुण्यातच झाला. १९८३ साली तत्त्वज्ञ दया कृष्ण, मे. पुं. रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारंपरिक पंडित आणि आधुनिक विद्यापीठांतले तत्त्वज्ञ यांना एकत्र बसवलं. ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलच्या मांडणीतली 'प्रपोझिशन' ही कल्पना, म्हणजे वाक्याहून आणि वस्तूहून वेगळा असा विधानाचा आशय, पंडितांपुढे ठेवली: असं काही तुमच्या शास्त्रात मानता येईल का? दोन्ही बाजूंना आपली गृहीतकं नव्याने सांगावी लागली. कोणत्याही विद्यापीठात घडू शकणारी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, असं मी मानतो.

इथे एक मुद्दा राहून जाऊ नये. वर्गात कोण बसलंय यानेही विचार घडतो, कारण काही प्रश्न कुणीतरी विशिष्ट माणूस तिथे असल्याशिवाय सुचतच नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात उच्च शिक्षणावर होणारा खर्च आणि प्राथमिक शिक्षणाची आबाळ यांचा हिशेब मांडला. वरच्या थरातल्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, ही समजूत त्यांनी खोटी ठरवली. आत बसलेल्या पदवीधरांना हा हिशेब मांडावासा वाटला नव्हता. पुढे शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठात स्त्री अभ्यासाचं काम करताना दलित स्त्रीच्या जागेवरून प्रश्न मांडले, तेव्हा समाजशास्त्रातल्या बऱ्याच 'सर्वसाधारण' विधानांमधलं 'सर्व' कोण हे तपासावं लागलं. तुमच्या वर्गात वाडीवस्तीवरून, वसतिगृहातून, वेगळ्या घरांतून आलेली मुलं असतील तर ते तुमचं भांडवल आहे. ती बोलतायत का, एवढं बघा.

इथपर्यंतचं एका वाक्यात: तपासणीची रीत जशी, तशी डोक्याला सवय. आता तुमच्या पेपराकडे येऊ.

एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला ६० तास. गुणांची वाटणी साधारणपणे अंतर्गत ३० आणि सत्रान्त परीक्षा ७०. सत्रान्त पेपर केंद्रावर, म्हणजे कॅपला, तपासले जातात. परीक्षकापुढे गठ्ठे असतात, निकालाची तारीख ठरलेली असते, एका उत्तरपत्रिकेला पाच-सात मिनिटं मिळतात. त्या वेळात नजर शोधते मथळे, अधोरेखित शब्द आणि मुद्द्यांची संख्या. 'बेरोजगारीची कारणे स्पष्ट करा, १० गुण' याला सात मुद्दे लिहिणाऱ्याला सात गुण आणि दोनच मुद्दे खोलात जाऊन तपासणाऱ्याला चार, असं होतं. यात परीक्षकाचा दुष्टपणा नाही. वेळच तेवढा आहे. पण तीन वर्षं हेच केल्यावर मन काय शिकतं? की प्रत्येक प्रश्नाला कारणांची यादी असते, सगळी कारणं सारख्याच वजनाची असतात, आणि कुठलंही कारण खोटं ठरू शकत नाही. ही सवय नोकरीत आणि मतदानातही दिसते.

तोच विषय घेऊन वेगळा प्रश्न कसा काढता येतो ते बघा. 'पदवीधर मुलगी आठवड्याचे सहा दिवस नोकरी शोधते आणि रविवारी दोन तास मंडईतल्या घरच्या फुलांच्या गाळ्यावर बिनपगारी बसते. ती बेरोजगार आहे का?' सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात 'चालू साप्ताहिक स्थिती' अशी व्याख्या आहे: मागच्या ७ दिवसांत एका दिवशी जरी एक तास काम केलं असेल तर ती व्यक्ती रोजगारात धरायची, आणि घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही काम. या व्याख्येने ती रोजगारात. वर्षातला मुख्य वेळ कशात गेला ते बघणारी 'नेहमीची प्रमुख स्थिती' लावली तर ती बेरोजगार. गुण असे द्यावेत: दोन्ही व्याख्या नेमक्या लिहिल्या तर २, मुलीला दोन्हींत बसवून कारण दिलं तर ३, कोणत्या कामासाठी कोणती व्याख्या बरी याचा विचार केला तर ३, आणि दोन्हींतून काय निसटतं हे सांगितलं तर २. असे चार प्रश्न सोडवलेला विद्यार्थी वर्तमानपत्रात बेरोजगारीचा आकडा वाचताना आधी विचारेल: कोणती व्याख्या? माझ्या मते हाच 'विचार करायला शिकणं' याचा सगळ्यांत साधा पुरावा.

तुम्हाला पेपर बदलता येणार नाही, पण जोर-बैठका स्वतः ठरवता येतील. मी विद्यार्थ्यांना जे करायला लावतो ते सांगतो.

आठवड्याला एक पान, अधिकरणाच्या पाच अंगांचं. प्रश्न जवळचा घ्या. समजा, 'पीएमपीचा, म्हणजे पुण्याच्या शहर बसचा प्रवास बायकांना मोफत करावा का?' विषय दोन ओळींत. संशयावर सर्वांत जास्त वेळ द्या, निम्मी मुलं इथेच घसरतात. 'करावा की करू नये' हा संशय झाला नाही. नेमका संशय असा: बायकांचा प्रवास तिकिटाच्या दराने अडतो, की बस वेळेवर न येण्याने? हे सापडलं की कोणता पुरावा लागेल ते आपोआप कळतं. पूर्वपक्ष असा लिहा की विरोधी मताच्या माणसाने वाचून म्हणावं, 'हो, मला हेच म्हणायचंय.' तो म्हणत नाही तोवर उत्तरपक्षाला हात घालू नका. निर्णय तीन ओळींचा, आणि ज्या शब्दाची खात्री नाही त्याखाली नागमोडी रेघ. एका पानाला दीड-दोन तास लागतात. एका सत्रात बारा पानं झाली तरी पुष्कळ झालं.

दुसरं, मूळ मजकूर वाचा. गाइड म्हणजे कुणीतरी आधीच चावलेला घास. आठवड्याला दहा पानं मूळ लेखकाची किंवा मूळ अहवालाची. गणेशखिंडीतलं विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय ही दोन ठिकाणं अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या पायाखालची हवीत. बाहेरच्यांसाठी नियम काय आहेत ते काउंटरवर विचारा, महाविद्यालयाचं पत्र बरोबर ठेवा. गोखले संस्थेने गाडगिळांच्या काळात पुणे शहराचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण केलं, ते मागून घ्या. निष्कर्ष नंतर वाचा, आधी व्याख्या वाचा: कुटुंब कशाला म्हटलं, कमावता कुणाला म्हटलं. 'एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब' एवढ्या साध्या ओळीवर अख्खा तक्ता उभा असतो, आणि वाड्यात भाऊ वेगळे जेवायला लागले की घरांची संख्या एका रात्रीत वाढते.

तिसरं, भाषा. पुष्कळ मुलं इंग्रजी संज्ञा बरोबर वापरतात, पण ती मराठीत समजावून सांगायला सांगितलं की अडतात. याचा अर्थ ती संज्ञा त्यांना समजलेली नसते, ओळखीची झालेली असते. नियम साधा ठेवा: कुठलीही संज्ञा मराठीत दोन वाक्यांत आणि पुण्यातल्या एका उदाहरणाने सांगता येईपर्यंत ती पेपरात वापरायची नाही. पारिभाषिक शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. पण शब्द मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, उदाहरण तुमचंच हवं.

चौथं, चार ते सहा जणांचा गट. सहाच्या वर गेला की दोघं बोलतात आणि बाकीचे मान हलवतात. दर बैठकीला एकाचं पान, दुसऱ्याने पूर्वपक्षाची बाजू घ्यायची, त्याला ती पटत नसली तरी. नव्वद मिनिटं पुरतात. गट मोडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: पान आधी वाचून कुणी येत नाही. म्हणून पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांनी तिथेच बसून गुपचूप वाचायची.

आता एआय. तुमचा 'पुढे काय' हा प्रश्न मी हलका मानत नाही. घरी लिहून आणायचा निबंध तपासणीचं साधन म्हणून जवळजवळ संपला आहे. छापील पुस्तकातून काढता येईल अशा उत्तराची किंमत उतरली, आणि १८५७ च्या रचनेचा सगळा डोलारा त्याच उत्तरावर उभा होता. त्यामुळे विद्यापीठांना जुन्या आणि महागड्या रीतीकडे परत जावं लागेल असं मला दिसतं: समोरासमोर विचारणं. पाठशाळांच्या परंपरेत शलाका परीक्षा होती. पोथीत काडी घालायची, जे पान उघडेल तिथल्या मजकुराचा अर्थ विद्यार्थ्याने तिथल्या तिथे लावून दाखवायचा. आजच्या वर्गात हे अशक्य नाही. ६० मुलांचा वर्ग, प्रत्येकाला ८ मिनिटं, म्हणजे ४८० मिनिटं, आठ तास. ६० तासांच्या पेपरातून आठ तास काढता येतात. १२० मुलं असतील तर १६ तास, तेही दोन शिक्षकांत वाटून होतील. अडचण खरी आहे ती रिकाम्या पदांची. शिक्षक नेमल्याशिवाय हे होणार नाही, आणि हा खर्च टाळून विचार घडवण्याच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

नव्या शैक्षणिक धोरणातला चार वर्षांचा पर्यायही इथे तपासून बघा. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. त्याचा फायदा होणार की नाही हे एकाच गोष्टीवर ठरेल: प्रश्न किती लहान घेताय. 'महिला सक्षमीकरण: एक अभ्यास' या नावाचा प्रकल्प सुरू होण्याआधीच बुडालेला असतो, आणि मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरवलेल्या गूगल फॉर्मची ५० उत्तरं म्हणजे फक्त तुमच्या मित्रांची मतं. त्यापेक्षा एकाच ठिकाणची पंधरा माणसं, आधी लिहून ठेवलेल्या व्याख्या, आणि कुणी नकार दिला त्याची वेगळी नोंद.

एआय वापरूच नका असं मी म्हणणार नाही. पण क्रम सांभाळा. आधी तुमचं पान हाताने पूर्ण लिहा. मग एआयला निर्णय विचारू नका, पूर्वपक्ष मागा: 'माझ्या निर्णयाविरुद्ध सर्वांत बळकट तीन आक्षेप दे.' येईल त्यातलं प्रत्येक नाव, वर्ष, आकडा मूळ ठिकाणी जाऊन बघा; सापडेपर्यंत खाली नागमोडी रेघ. एआय उत्तर देताना सगळी वाक्यं एकाच खात्रीच्या सुरात लिहितं, हा त्यातला खरा धोका. शिवाय, तेच वाक्य हजार ठिकाणी दिसलं तरी ती एकाच पोथीच्या हजार नकला असू शकतात. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी त्याचं उत्तर वाचलंत, तर संशय शोधायची पायरी तुम्ही केलेलीच नसते, आणि ती नंतर भरून काढता येत नाही, कारण उत्तर वाचल्यावर प्रश्न सोपा वाटायला लागतो.

पहिल्या आठवड्यासाठी वरचाच फुलांच्या गाळ्याचा प्रश्न घ्या. जाण्याआधी 'काम' आणि 'एक तास' यांच्या व्याख्या मराठीत लिहून काढा. कामाच्या दिवशी दुपारी दोन-तीनच्या सुमारास मंडईत जा, गर्दी कमी असते आणि लोक बोलतात. दहा गाळ्यांवर विचारा की मागच्या सात दिवसांत घरातलं कोण कोण किती वेळ इथे बसलं. 'मी काही काम करत नाही, नुसती बसते' असं म्हणणाऱ्या बाईंना कुठल्या रकान्यात टाकलंत आणि का, ते त्याच दिवशी रात्री लिहा. नकार किती आले तेही लिहा.